मुलीचे नाव विठू

वाचक माउली, गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी बारसे झाले. माझ्या मोठ्या मुलीच्या मुलाला मुलगी झाली, म्हणजे मला पणती झाली. पाळण्याला फुले बांधली होती, घुगऱ्या शिजल्या होत्या. आत्याबाई बाळाच्या कानात नाव सांगायला वाकणार, तेवढ्यात माझी तिसरी मुलगी म्हणाली, “पत्रिकेतले नाव तुम्ही ठरवाल ते ठेवा, पण हाक मारायला हिला विठू म्हणा.”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. माझ्या विहीणबाई वयाने माझ्याएवढ्या, तोंडाने सरळ. त्या म्हणाल्या, “अगं, विठू हे काय मुलीचं नाव झालं? पुरुषाचं नाव ते. शाळेत पोरं चिडवतील.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “महाराज, तुम्हीच सांगा. जन्मभर कीर्तन केलंत. शास्त्रात बसतं का हे?”

मी काही बोललो नाही. सगळ्यांना वाटले, महाराज विचार करताहेत. मी विचार करत नव्हतो. का गप्प राहिलो ते शेवटी सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आधी विहीणबाईंच्या प्रश्नाचे उत्तर देतो. प्रश्न खरा आहे आणि असा प्रश्न हल्ली पुष्कळ घरांत पडतो.

प्रथम शास्त्र पाहू. पारस्कर गृह्यसूत्रात नामकरणाचा नियम आहे. मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरी असावे, मुलीचे विषम अक्षरांचे आणि शेवटी आकार असलेले असावे, असे तिथे सांगितले आहे. मनुस्मृतीत स्त्रीचे नाव उच्चारायला सोपे, कठोर अर्थ नसलेले, मन प्रसन्न करणारे, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे असे आहे. आता या काट्यावर विठू तोलू. अक्षरे दोन, म्हणजे सम. तेव्हा गृह्यसूत्राप्रमाणे ते मुलाचे. पण माउली, त्याच काट्यावर सीता तोला. राधा तोला. उमा, रमा, गंगा तोला. सगळी दोन अक्षरी! जिच्या नावाशिवाय रामाचे नाव आपण घेत नाही ती जानकीसुद्धा सीता या नावाने त्या नियमात बसत नाही. म्हणजे नियम होता, तो मान्यही होता. पण लोकांनी लेकींना हाक मारताना बोटांवर अक्षरे मोजली नाहीत. मनुस्मृतीच्या नियमात मात्र विठू सुखाने बसते. उच्चार सोपा, शेवट दीर्घ, आणि मंगल म्हणाल तर त्याहून मंगल काय आहे?

आता आपल्या संतांच्या घरांत जाऊ. नामदेवरायांच्या घरापासून सुरुवात करू, कारण ते घर माणसांनी भरलेले होते आणि त्या माणसांची नावे परंपरेने जपली आहेत. वडील दामाशेटी, आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई. चार मुलगे: नारा, विठा, गोंदा, महादा. सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. आणि दासी म्हणून राहिलेली, पण त्या घराचे नाव त्रिभुवनात नेणारी जनाबाई. 

यातला दुसरा मुलगा पाहा. विठा. विठ्ठल नावाचे घरगुती रूप. नामदेवांच्या गाथेत त्याच्या नावाचेही अभंग आहेत. तेराव्या-चौदाव्या शतकात पंढरपुरात कुणी विठा म्हणून हाक मारली असेल तर एक मुलगा धावत आला असेल. आज तीच हाक एखाद्या गावात मारा. ओ देत येईल ती एक बाई. विठाबाई हे नाव महाराष्ट्रात घरोघर झाले. तमाशाच्या फडावर ज्यांनी नाव गाजवले त्या विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) सगळ्यांना ठाऊक आहेत. तोच विठा, पुढे फक्त बाई लागली. कुणी कधी म्हटले का, की हे पुरुषाचे नाव बाईने का घेतले?

हे कसे झाले ते समजण्यासाठी थोडे व्याकरण बोलावे लागेल. घाबरू नका, आळंदीला पाठ करताना आमच्या गुरुजींनी ते अगदी सोपे करून सांगितले होते. ते म्हणत, मराठी नावाला अंग असते आणि वर अंगरखा असतो. अंग म्हणजे हाकेचे नाव. अंगरखा म्हणजे पुढे लागणारे बा, जी, पंत, राव, नाहीतर बाई, आई. स्त्री की पुरुष हे अंगरखा सांगतो. अंग बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. 

पडताळून पाहा. नामा, तुका, चोखा, गोरा, सावता, सेना, बंका, विठा ही पुरुषांची नावे, शेवटी आ. जना, मुक्ता, बहिणा, सोयरा ही स्त्रियांची नावे, शेवटी आ. कानाला काही फरक आहे का? दामू, गणू, शिवू, विठू हे मुलगे. सखू, गंगू, यमू, रखू या मुली. शेवटी ऊ तोच. इतिहासाच्या बखरीत डोकावलात तर तिथेही हेच. तुकाराम महाराज देहूत अभंग रचत होते त्याच काळात शहाजीराजांच्या एका राणीसाहेबांचे नाव तुकाबाई होते. व्यंकोजीराजे त्यांचेच पुत्र. देहूचा तुका आणि राजवाड्यातली तुका. येसाजी कंक हा शिवरायांचा शूर सरदार आणि येसूबाई ही शंभूराजांची राणी. रखमा म्हणजे आपली रखुमाई. पण खेड्यात रखमाजी नावाचे किती म्हातारे मी पाहिले आहेत! तिथे देवीचे नाव पुरुषाने घेतले आणि जी लावून आनंदाने मिरवले. गंगाराम, तुळशीराम यांत तर आधी बाई आणि मग राम.

आता आळंदीला या. विठ्ठलपंतांच्या चार लेकरांची नावे आपण रोज घेतो, पण त्यांचे लिंग कधी पाहिले आहे का? निवृत्ती हा शब्द स्त्रीलिंगी. ती निवृत्ती. ज्ञान नपुंसकलिंगी. सोपान म्हणजे जिना, संस्कृतात तोही नपुंसकलिंगी. मुक्ता स्त्रीलिंगी. म्हणजे ज्यांनी या महाराष्ट्राला ज्ञान दिले त्या ज्ञानोबारायांचे गुरू हाकेच्या नावाने स्त्रीलिंगी आहेत! पुढे नाथ लागले, देव लागले, तेव्हा व्याकरणाने त्यांना पुरुष केले. आणि वयाने सर्वांत धाकटी, मुलगी म्हणून जन्मलेली मुक्ताई ही चांगदेवांसारख्या योग्याची गुरू झाली. चांगदेवांनी तिच्या पायी डोके ठेवताना शब्दाचे लिंग पाहिले नाही, देहाचेही पाहिले नाही.

सर्वांत नेमके उदाहरण मंगळवेढ्याच्या बाजूचे आहे. चोखोबारायांच्या पत्नी सोयराबाई. सोयरा हा शब्द आपण रोज वापरतो. तो माझा सोयरा, ती माझी सोयरी. म्हणजे शब्द स्वच्छ पुल्लिंगी आहे. कुणी आईबापांनी लेकीला तो हाकेला ठेवला, आणि ती लेक पुढे संत झाली. तिच्या अभंगांत ती स्वतःची ओळख बहुधा चोख्याची बायको अशीच देते. पण लोकांनी तिचे नाव लक्षात ठेवले. पुढे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकात, १६७४ साली, पट्टराणी म्हणून ज्या बसल्या त्यांचेही नाव सोयराबाईच. गावकुसाबाहेरच्या झोपडीत आणि रायगडाच्या राजवाड्यात तेच पुल्लिंगी नाव दोन स्त्रियांनी धारण केले. मंगळवेढ्याचीच कान्होपात्रा घ्या. कान्हो म्हणजे कृष्ण. ते नाव घेऊन पुरुष कान्होजी होतात. तिच्या नावात कान्हो पुढे आणि ती मागे. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा ती ज्याच्या पायाशी गेली त्याचे नाव जन्मापासून तिच्या नावातच होते.

हाकेच्या नावाची आणखी एक गोष्ट आहे. ती आपण पुरुष मंडळी सहसा ध्यानात घेत नाही. आपल्याकडे लग्नात सुनेचे नाव बदलत. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने त्यावर नवे नाव लिहायचे, आणि त्या घटकेपासून ती मुलगी दुसऱ्या नावाची झाली. काशीत मोरोपंत तांब्यांच्या घरी मणिकर्णिका जन्मली. बिठूरला ती लहानाची मोठी झाली. तिला हाक मारत मनू. मनू म्हणजे कोण? मानवांचा पहिला पुरुष, स्मृतिकार! त्याचे नाव एका धिटुकल्या पोरीला. १८४२ साली झाशीच्या गंगाधररावांशी लग्न झाले आणि मणिकर्णिका गेली, लक्ष्मीबाई आली. पण मनू गेली नाही. पत्रिकेतले नाव सासरने पुसले, हाकेचे नाव माहेरच्या तोंडी राहिले. अशा किती जणी! म्हणून मी म्हणतो, बाईचे जन्मापासून शेवटपर्यंत टिकणारे नाव एकच असायचे, ते म्हणजे माहेरची हाक. ती देताना जपून द्यावी, आणि दिलेली परत घेऊ नये. हे शेवटचे वाक्य लिहिताना माझा हात थांबला, पण ते लिहिलेच पाहिजे.

आता वारकऱ्याला याहून अधिक पुरावा हवा असेल तर तो विटेवर उभा आहे. अठ्ठावीस युगे कटीवर कर ठेवून उभा असलेला तो पुरुष. त्याला आपण काय म्हणतो? माउली. विठाई. कान्हाई. कृष्णाई. जनाबाईंनी तर त्याला विठाबाई म्हटले, आणि मग तोही बाई होऊन तिच्याबरोबर दळायला बसला, शेण्या वेचू लागला, तिची वेणी घालू लागला. देवाने कुठे तक्रार केली, की मला बाईचे नाव का? त्याच जनाबाईंनी बायकांना धीर दिला आहे, की स्त्रीजन्म आला म्हणून खंत करू नका. ज्या संप्रदायात देव आपले पुरुषपण उतरवून लेकराची आई होतो, तिथे लेकीने देवाचे नाव घेतले तर बिघडते कुठे? विठूची विठाई होते, तर विठू नावाची मुलगीही होते. विहीणबाईंना माझे उत्तर हे आहे: बसते. शास्त्रातही बसते आणि आपल्या परंपरेत तर पाट मांडून बसते.

पण माउली, इथे लेख संपवला तर मी लबाड ठरेन.

मुलीला मुलाचे नाव देण्याच्या वाटा दोन आहेत. एक वाट प्रेमाची, ती आतापर्यंत सांगितली. दुसरी वाट आपल्या समाजात तितकीच जुनी आहे. पाठोपाठ लेकरे जाऊ लागली, की नव्या बाळाला धोंडू, दगडू, भिकू, केरू म्हणत, म्हणजे काळाची नजर वळणार नाही. मुलाचे नाक टोचून त्याला नथू म्हणत, म्हणजे मृत्यूला तो मुलगी वाटावा. हे विचित्र असले तरी त्यात लेकरू जगावे ही तळमळ आहे. पण पाठोपाठ मुली झाल्या म्हणजे? तेव्हा मुलीला नकुसा म्हणत. नको असलेली. तिच्या नावाने देवाला निरोप धाडायचा, की आता पुरे, पुढचा मुलगा दे. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावे समारंभाने बदलली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतील १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी ९१३ होत्या. हा आकडा ज्या महाराष्ट्राचा आहे त्याच महाराष्ट्रातून दर आषाढीला दिंड्या निघतात.

नकुसा म्हणणे उघड असते. तोच निरोप गोड नावात गुंडाळूनही धाडता येतो. मुलीला मुलाचे नाव द्यायचे, मुलाचे कपडे घालायचे, केस कापायचे, म्हणजे तिच्या पाठीवर भाऊ येतो, असे आमच्या भागात जुनी माणसे सांगत.

माझी तिसरी मुलगी जन्मली तेव्हा मी तिशीत होतो. नुकतेच कीर्तनात नाव होऊ लागले होते. दोन मुलींवर तिसरी मुलगी. बारशाला आईने विचारले, हाक काय मारायची? मी म्हटले, विठू म्हणा. लोक म्हणाले, वा, कीर्तनकाराच्या घरी विठू आला. मी हात जोडले. माझी भक्ती पाहून लोकांना गहिवर आला, आणि मी तो येऊ दिला. मनात काय होते ते मला आणि पांडुरंगाला ठाऊक. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितले होते, मुलाची हाक मारत राहा, मुलगा येईल. मी तिचे केस बारीक ठेवले. सदरा आणि अर्धी चड्डी शिवली. काखेत घेऊन सप्ताहाला नेली. ती टाळ घेऊन माझ्या पायाशी बसायची. विठू म्हटले, की कुठूनही पळत यायची.

ती पाच वर्षांची असताना मुलगा झाला. आम्ही त्याचे नाव विठ्ठल ठेवले आणि हाक मारू लागलो, विठू. एके दिवशी मी ओसरीवरून हाक मारली, “विठू!” ती हातातली भातुकली टाकून धावत आली. मी म्हटले, “तुला नाही गं, बाळाला.” ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि परत फिरली. त्यानंतर आम्ही तिला पत्रिकेतल्या नावाने हाक मारू लागलो. केस वाढवले, परकर शिवला. सगळे रीतसर झाले. संध्याकाळी मी नामाच्या महिम्यावर कीर्तन केले. पुढची चाळीस वर्षे करत राहिलो. नाम आणि नामी एकच, असे हजारदा सांगितले. माझ्या घरात मी एका नामीचे नाम काढून दुसऱ्याला दिले आहे, हे एकदाही मनात आले नाही.

त्या बारशात ती मुलगी उभी होती. शेहेचाळीस वर्षांची. विहीणबाईंनी मला विचारले तेव्हा तीही माझ्याकडे पाहत होती. म्हणून मी गप्प होतो.

माझा मुलगा स्वभावाने मोकळा. वातावरण हलके करावे म्हणून तो म्हणाला, “माझं नाव देताय ना हिला? माझी काही हरकत नाही.”

ती म्हणाली, “तुझं नाही रे. माझं देतेय.”

बहुतेकांना ते कळले नाही. मला कळले. मी उठलो, पाळण्यापाशी गेलो, आणि सगळ्यांसमोर जे आता तुम्हाला सांगितले ते थोडक्यात सांगितले. बोलताना शब्द सापडत नव्हते. कीर्तनात असे कधी झाले नव्हते. माझी म्हातारी खाली मान घालून बसली होती. मुलगी म्हणाली, “अण्णा, मला तेव्हा वाटायचं, मी काहीतरी चुकले म्हणून नाव काढलं. पुष्कळ वर्षं वाटायचं.” एवढेच. माझ्यावर रागावली असती तर बरे वाटले असते.

मग विहीणबाईच पुढे झाल्या. त्यांनी आत्याबाईंना बाजूला केले नाही, पण माझ्या मुलीचा हात धरून तिला पाळण्याजवळ आणले. दोघींनी मिळून बाळाच्या कानात नाव सांगितले. 

तेव्हा वाचक माउली, आपल्या घरी मुलगी जन्मली आणि तिला विठू, मनू, तुका, ज्ञाना अशी हाक मारावीशी वाटली, तर खुशाल मारा. कुणी शास्त्र विचारले तर सोयराबाईंचे नाव सांगा. फक्त हाक मारण्यापूर्वी एकदा स्वतःला विचारा, की समोरच्या पाळण्यात जी आहे तिला मी बोलावतो आहे, की जो आला नाही त्याला? पहिले असेल तर ते नाव तिला पुरेल. दुसरे असेल तर ती धावत येईल आणि उंबऱ्यावर थांबेल.

आता आमच्या घरी ओसरीवरून विठू म्हटले, की तिघे ओ देतात. पणती अजून नुसते हुंकारते. मी मुद्दाम हाक मारतो.

रामकृष्ण हरि.